ओतीव लोखंडाची ग्वाही

इंग्रजी भाषेत ‘कास्ट-आयर्न’ असे एक विशेषण आहे. गुन्हा घडला त्या वेळी आपण अन्यत्र होतो हे एखाद्या आरोपीने निर्विवादपणे सिद्ध केले, की त्याचा तो पुरावा ‘कास्ट-आयर्न’ ठरतो. एखाद्या मंत्र्याने काहीही झाले तरी फिरणार नाही असे वचन दिले, की तेथील वृत्तपत्रे त्या वचनाला ‘कास्ट-आयर्न गॅरंटी’ म्हणतात. वाटेल ते खाल्ले तरी ज्याला बाधत नाही त्याचे पोट ‘कास्ट-आयर्न’, आणि ज्याचा निश्चय कोणत्याही आर्जवाने पाझरत नाही त्याचा निश्चयही ‘कास्ट-आयर्न’च. जे मोडत नाही, वाकत नाही, झिजत नाही आणि ज्याच्यावर डोळे मिटून भार टाकावा, असा या विशेषणाचा अर्थ आहे. टिकाऊपणाची याहून मोठी प्रशस्ती इंग्रज माणसाच्या तोंडून सहसा निघत नाही.

हे विशेषण मराठीत आणावयाचे झाले म्हणजे भाषांतरकार ‘पोलादी’, ‘भक्कम’ किंवा ‘पक्के’ यांपैकी एखादा शब्द योजून मोकळा होतो. तो चुकतो असे नाही. परंतु ‘कास्ट आयर्न’ म्हणजे पोलाद नव्हे. ‘कास्ट आयर्न’ म्हणजे ओतीव लोखंड, आणि त्याला मराठीत खास शब्द आहे, तो ‘बीड’. शब्दाला शब्द ठेवावयाचा तर मंत्रिमहोदयांची ग्वाही ‘बिडाची ग्वाही’ व्हावयास हवी. तसे कोणी म्हणत नाही. म्हटले, तर ऐकणाऱ्याला ती प्रशंसा वाटण्याऐवजी थट्टा वाटेल. एकाच धातूविषयी दोन भाषांची मते इतकी वेगळी का असावीत, हा प्रश्न वरवर कोशकारांचा दिसतो. वस्तुतः त्याच्या मुळाशी दोन शतकांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासात पुष्कळ माणसांचे प्राण गेले आहेत.

मराठी माणसाला बीड परिचित आहे ते प्रथम स्वयंपाकघरातून. बिडाचा तवा चुलीवर वर्षानुवर्षे राहतो, वापराने अधिकच गुळगुळीत होतो आणि सासूकडून सुनेकडे जातो. त्याच्यावरचे घावन सुटते तसे दुसऱ्या कशावरचे सुटत नाही, असा घरोघरचा दाखला आहे. पण हाच तवा हातातून निसटून फरशीवर पडला तर त्याचे दोन तुकडे होतात. लोखंडी पत्र्याचा तवा पडला तर पोचा येतो, बिडाचा पडला तर भंगतो. ज्या घरात हे एकदा घडले त्या घरात ‘बिडासारखा अभंग’ असा वाक्प्रचार निर्माण होणे शक्य नव्हते.

मराठीतील टिकाऊपणाचे शब्द पाहिले तर त्यांची घडण निरनिराळ्या अनुभवांतून झालेली दिसते. ‘चिरेबंदी’ हा शब्द वाड्याच्या दगडातून आला, ‘पक्का’ भाजलेल्या विटेतून व पिकलेल्या फळातून. ‘पाणीदार’ हा लोहाराच्या कुंडातून आला. तापलेल्या हत्याराला पाणी देऊन त्याची धार कठीण करण्याची क्रिया त्यामागे आहे. ‘वज्रलेप’ तर एके काळी खरोखरीचा लेप होता. वराहमिहिराने बृहत्संहितेत त्याची कृती दिली आहे. टेंभुर्णी व कवठ यांची कच्ची फळे, सावरीची फुले इत्यादी द्रव्यांचा काढा आटवून केलेला हा लेप देवळांना व मूर्तींना लावला असता कोटी वर्षे टिकतो, अशी ग्वाही त्याने दिली आहे. ही मुदत तपासून पाहण्याची सोय अर्थातच कोणाला नव्हती. आणि या सर्वांहून वेगळा शब्द म्हणजे ‘चिवट’. कठीण आणि चिवट यांत मराठी भाषा भेद करते. काच कठीण असते, पण चिवट नसते. वेत चिवट असतो, पण कठीण नसतो. पुढील सर्व हकीकत या एका भेदाभोवती फिरते.

इंग्लंडमध्येही बीड प्रथम भांड्यांच्या रूपानेच घरात शिरले. अब्राहम डार्बी या गृहस्थाने १७०७ मध्ये वाळूच्या साच्यात लोखंडी भांडी ओतण्याचे एकस्व घेतले आणि १७०९ मध्ये कोलब्रुकडेल येथे लाकडी कोळशाऐवजी दगडी कोळशाचा कोक वापरून लोखंड गाळण्यात यश मिळविले. लोखंड स्वस्त झाले. पातेली, शेगड्या, नळ, खांब, कठडे, जे जे ओतता येईल ते ते ओतले जाऊ लागले. त्याच डार्बीच्या नातवाने १७७९ मध्ये सेव्हर्न नदीवर सुमारे १०० फूट गाळ्याचा, सबंध ओतीव लोखंडाचा पूल उभारला. तो आजही उभा आहे. फ्रान्समध्ये व्हर्सायच्या राजवाड्यातील कारंज्यांना पाणी पुरविणारे बिडाचे नळ सतराव्या शतकात जमिनीत पुरले होते. त्यांनी ३०० वर्षांहून अधिक काळ काम दिले. अशा गोष्टी डोळ्यांपुढे असलेल्या लोकांनी एकोणिसाव्या शतकात निश्चयाला आणि वचनाला ‘कास्ट-आयर्न’ म्हणावयास सुरुवात केली, यात त्यांना दोष देता येणार नाही.

परंतु पूल आणि नळ टिकले याचे कारण वेगळे होते. सेव्हर्नवरचा पूल कमानीचा आहे. कमानीत प्रत्येक भाग शेजारच्या भागावर दाबला जातो, आणि दाब सोसण्यात बिडाचा हात धरणारे फार थोडे आहेत. बिडात शेकडा ३ ते ४ भाग कार्बन असतो. ओतलेले लोखंड थंड होताना त्यातील बराचसा कार्बन ग्राफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपाने आत बसतो. वरून दाबले तर हे पापुद्रे निमूटपणे दबून राहतात. पण ताणले, वाकविले वा हिसका दिला तर प्रत्येक पापुद्रा म्हणजे आतली एक तयार चीर ठरते. मग धातू वाकत नाही, सूचना देत नाही, एकदम तुटतो. तव्याचे हेच, तोफेचे हेच आणि पुलाच्या तुळईचेही हेच.

याचा पहिला धडा रेल्वेने शिकविला. २१ फेब्रुवारी १८०४ रोजी रिचर्ड ट्रेव्हिथिकचे वाफेचे एंजिन वेल्समधील पेनीडॅरन येथे रुळांवरून धावले. एंजिन चालले, पण त्याच्या भाराने बिडाचे रूळ ठिकठिकाणी फुटले. पुढे १८२० मध्ये जॉन बर्किनशॉ याने घडीव लोखंडाचे लांब रूळ लाटण्याची पद्धत शोधून काढली. त्या वेळी जॉर्ज स्टीव्हन्सनच्या नावावर स्वतःच्या ओतीव रुळाचे एकस्व होते; विल्यम लॉश या भागीदाराबरोबर त्याने ते १८१६ मध्ये घेतले होते. स्टॉक्टन-डार्लिंग्टन रेल्वेसाठी रूळ निवडण्याची वेळ आली तेव्हा स्टीव्हन्सनने आपला रूळ बाजूला सारून बर्किनशॉच्या रुळाची शिफारस केली. त्यात त्याचे पैसे गेले आणि लॉशची मैत्रीही गेली. एंजिनांच्या जनकाच्या चरित्रात हा प्रसंग जेवढा ठळकपणे सांगावयास हवा तेवढा सांगितला जात नाही.

गंमत अशी, की त्याच्याच पुत्राच्या, रॉबर्ट स्टीव्हन्सनच्या हातून पुढे मोठा अनर्थ घडला. चेस्टर येथे डी नदीवर त्याने रेल्वेसाठी ओतीव तुळयांचा पूल बांधला होता. २४ मे १८४७ रोजी गाडी जात असताना त्याची एक तुळई मधोमध भंगली; गाडी नदीत पडली आणि ५ जण दगावले. चौकशीसाठी राजकीय आयोग नेमण्यात आला. त्यानंतर रेल्वेच्या पुलांत ओतीव तुळया घालण्याचे प्रमाण घटले, तरी ओतीव खांब मात्र चालूच राहिले. २८ डिसेंबर १८७९ च्या वादळी रात्री स्कॉटलंडमधील टे नदीवरचा पूल कोसळला आणि त्यावरची गाडी सर्व प्रवाशांसह खाली गेली. एकही वाचला नाही. या पुलाचे खांब बिडाचे होते, आणि वाऱ्याच्या हिसक्याने तणावाचे आडवे लोखंडी गज ज्या कानांत अडकविले होते ते बिडाचे कानच तुटले.

त्या पुलाच्या चौकशीत जे निष्पन्न झाले ते या विशेषणाच्या इतिहासात कायमचे नोंदवून ठेवावे असे आहे. खांब ओतताना धातूत हवेचे पोकळ फुगे राहिले होते. ओतकामाच्या जागी ही भोके मेण, लोखंडाचा कीस आणि काजळी यांच्या मिश्रणाने बुजविली जात. वरून घासून रंग दिला म्हणजे ते सारे अखंड लोखंडच दिसे. या मिश्रणाला तेथील कामगारांत ‘बोमाँट एग’ असे नाव होते. वराहमिहिराच्या वज्रलेपाची ही विलायती आवृत्ती. फरक एवढाच, की तिच्यावर आगगाडी चालत होती. आणि टे पूल कोसळल्यानंतरही ‘कास्ट-आयर्न’ हे विशेषण इंग्रजीत विश्वासाचेच चिन्ह राहिले. शब्दाला एकदा अब्रू मिळाली, की वस्तूची अब्रू गेली तरी शब्दाची जात नाही.

भारतात हे लोखंड कसे आले हे पाहावयाचे तर मुंबई व दक्षिण महाराष्ट्र यांपासून आरंभ करणे सोयीचे आहे. १८६० च्या दशकात मुंबईच्या काळा घोडा भागात वॉटसनचे हॉटेल उभे राहिले. त्याचा लोखंडी सांगाडा इंग्लंडमध्ये तयार करून जहाजाने आणला होता. ती इमारत पुढे एस्प्लनेड मॅन्शन म्हणून ओळखली जाऊ लागली. २००५ मध्ये तिचा काही भाग पडला, सांगाडा मात्र राहिला. मराठी कारागिराने बिडाशी खरी झुंज दिली ती लक्ष्मणराव किर्लोस्कर यांच्या नांगरामुळे. बेळगाव येथे आणि १९१० नंतर औंध संस्थानातील किर्लोस्करवाडीत त्यांनी ओतकामाची भट्टी चालविली. लोखंडी नांगराने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, त्यामुळे पहिले नांगर वर्षानुवर्षे पडून राहिले. समजूत हळूहळू निवळली, तोच पहिले महायुद्ध सुरू होऊन बिडाची टंचाई पडली. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातील निकामी जुन्या तोफा वितळविण्यासाठी दिल्या. ज्या ओतीव लोखंडाने एके काळी किल्ल्याच्या तटावरून धाक घातला, ते शेताच्या काळ्या मातीत फाळ होऊन उतरले. बिडाचा उपयोग येथे योग्य जागी झाला होता. फाळ झिजला तर बदलावयाचा, हे लक्ष्मणरावांनी आणि शेतकऱ्यांनी दोघांनीही आधीच गृहीत धरले होते.

रेल्वेचा प्रश्न याहून बिकट होता. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी गेली तेव्हा तिच्या चाकांखाली घडीव लोखंडाचे रूळ होते. हे रूळ तुटत नसत, पण फार लवकर झिजत. इंग्लंडमध्ये डर्बी स्थानकाजवळ वाहतूक इतकी दाट होती, की तेथील घडीव रूळ दर सहा महिन्यांनी, क्वचित तीन महिन्यांनीच बदलावे लागत. १८५६ मध्ये हेन्री बेसेमरने वितळलेल्या बिडातून हवेचा झोत सोडून त्यातील कार्बन जाळण्याची कृती जाहीर केली, आणि रॉबर्ट मशेटने त्यात मँगेनीजयुक्त लोखंड मिसळून तिचा दोष काढला. १८५७ मध्ये मशेटच्या पोलादाचा एक रूळ त्याच डर्बी स्थानकापाशी बसविण्यात आला. दिवसाला सुमारे ७०० गाड्या त्याच्यावरून जात. तो १८७३ पर्यंत, म्हणजे १६ वर्षे, कामात राहिला. ना बिडाचा ताठरपणा, ना घडीव लोखंडाची मऊ झीज; कार्बन शेकडा एक भागाहूनही कमी, आणि त्यामुळे कठीणही व चिवटही. खऱ्या टिकाऊपणाचे विशेषण या रुळाला मिळावयास हवे होते. परंतु इंग्रजी भाषेने ते आधीच दुसऱ्याला देऊन टाकले होते.

याच पोलादाच्या शोधात महाराष्ट्राचा व छत्तीसगडचा इतिहास एकत्र आला. १७४१ मध्ये भास्करराम कोल्हटकर यांच्या स्वारीनंतर रतनपूरचे राज्य नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली आले. बिंबाजी भोसले यांनी १७५८ पासून १७८७ पर्यंत रतनपुरास राहून कारभार केला. १८५४ मध्ये भोसल्यांचे राज्य खालसा झाल्यावर इंग्रजी मध्यप्रांताचे ठाणेही नागपूरच राहिले. किंबहुना १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत दुर्ग, रायपूर, बिलासपूर या जिल्ह्यांचे सरकार नागपुरात बसत होते. त्यामुळे दुर्ग, राजनांदगाव, रायपूर येथील मराठी वस्ती ही परक्या मुलखातील वस्ती म्हणून कधीच राहिली नाही. हिंदी मासिक ‘छत्तीसगढ मित्र’ १९०० मध्ये पेंड्रा येथून सुरू करणारे माधवराव सप्रे मराठी मातृभाषेचे होते, आणि लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत नेणारेही तेच.

या प्रदेशाला लोखंड नवे नव्हते. मैकल डोंगराच्या परिसरातील आगरिया लोक मातीच्या लहान भट्ट्यांत, पायाच्या भात्याने वारा घालून लोखंड गाळीत. लोहासुर हे त्यांचे दैवत. व्हेरियर एल्विन यांनी १९४२ मध्ये त्यांच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी, की आगरियांच्या भट्टीत लोखंड कधी पाण्यासारखे वितळत नसे. मऊ गोळा निघे, तो घणाने ठोकून घडवावयाचा. म्हणजे ज्या धातूच्या नावाने इंग्रज माणूस शपथ घेई तो धातू या जंगलात जन्मतच नव्हता. जन्मत होते ते घडीव, वाकणारे, पुन्हा सरळ होणारे लोखंड. ‘पोलाद’ हा शब्दही मराठीने फारशीतून घेतला, तो तलवारीच्या पात्याबरोबर.

दुर्ग भागातील दल्ली-राजहऱ्याच्या डोंगरात समृद्ध लोहखनिज असल्याचे भूगर्भशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांनी १८८७ मध्ये दाखवून दिले. पुढे १९०३ च्या सुमारास जमशेटजी टाटांचे पुत्र दोराबजी आणि अमेरिकन तज्ज्ञ वेल्ड हे मध्यप्रांतात लोखंडाच्या शोधात हिंडत होते. चांदा जिल्ह्यात त्यांची निराशा झाली होती. शोध थांबविल्याचे कळविण्यासाठी दोराबजी नागपूरच्या सचिवालयात गेले. अधिकारी जाग्यावर नव्हते, म्हणून ते समोरच्या संग्रहालयात वेळ घालवावयास शिरले. तेथे भिंतीवरच्या भूगर्भीय नकाशात दुर्ग भागावर लोखंडाची खूण गडद रंगात उठून दिसत होती. दोघांनी दल्ली-राजहरा गाठले. खनिज अपेक्षेहून सरस निघाले. पण जवळपास कोकयोग्य कोळसा नव्हता आणि पुरेसे पाणी नव्हते. डोंगर तसाच राहिला. फेब्रुवारी १९०४ मध्ये त्याच प्रमथनाथ बोसांचे पत्र जमशेटजींना गेले, मयूरभंज संस्थानातील लोहखनिजाविषयी. आणि टाटांचा कारखाना शेवटी साकची येथे, आजच्या जमशेदपुरात, झाला. नागपूरच्या एका रिकाम्या तासात सापडलेला डोंगर आणखी अर्धे शतक वाट पाहत बसला.

ती वाट २ फेब्रुवारी १९५५ रोजी संपली. त्या दिवशी भारत व सोव्हिएत संघ यांच्यात वर्षाला १० लाख टन पोलादाच्या कारखान्याचा करार झाला आणि त्यासाठी भिलाई हे ठिकाण ठरले. तोपर्यंत तांदुला धरणाचे पाणी उपलब्ध झाले होते, आणि कोळसा पूर्वेकडून आणावयास बंगाल-नागपूर रेल्वेचा मार्ग होता. त्या रेल्वेची कंपनी १८८७ मध्ये स्थापन झाली. नागपूर-राजनांदगावचा जुना मीटरगेज मार्ग तिने ताब्यात घेऊन रुंद केला आणि १८९१ मध्ये तो आसनसोलपर्यंत पोहोचविला. आता त्याच मार्गावर, दुर्ग व रायपूर यांच्या दरम्यान, नव्या कारखान्याची मालगाड्यांची वर्दळ येऊन पडली. तिच्या सोयीसाठी चरोदा येथे विस्तीर्ण यार्ड उभारण्यात आले. इंग्रजीत त्याचे नाव ‘भिलाई मार्शलिंग यार्ड’, आणि त्याची ‘बी.एम.वाय.’ ही अद्याक्षरे गावाच्या नावाला अशी चिकटली, की आजही लोक ‘बी.एम.वाय. चरोदा’ असेच म्हणतात.

चरोद्यात टिकाऊपणाच्या अनेक पिढ्या शेजारी-शेजारी दिसतात. लगतच्या देवबलोदा गावी कलचुरी काळातील महादेवाचे दगडी मंदिर आहे. त्याला शिखर नाही, परंतु खालचे कोरीव काम शाबूत आहे, आणि ते आता पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. पलीकडे यार्डात मालगाड्या सुट्या करून दिशेप्रमाणे पुन्हा जुळविण्याचे काम चालते. डबा डब्यावर आदळतो, साखळीला ताण बसतो, चाक रुळावर घासते. दाब, ताण, हिसका आणि झीज, धातूची चारही अंगांनी परीक्षा होते. अशा जागी बिडाचे काय काम, असे वाटेल. पण बिडाला येथेही काम दिलेले होते, आणि ते मोठ्या शहाणपणाने. डब्यांच्या चाकांवर दाबून बसणारे ब्रेकचे ठोकळे पुष्कळ वर्षे बिडाचे असत. पोलादी चाक सुरक्षित राहावे म्हणून ठोकळ्याने झिजावयाचे. रुळांखालीही एके काळी बिडाच्या थाळ्यांचे स्लीपर असत, भारतीय रेल्वेत ते ‘सी.एस.टी. ९’ या नावाने प्रसिद्ध होते. जोवर भार सरळ खाली पडे तोवर त्यांनी उत्तम काम दिले, पण घसरलेल्या डब्याच्या एका तडाख्यात त्यांना तडे जात. पुढे काँक्रीटचे स्लीपर व मिश्र द्रव्याचे ठोकळे आले आणि बीड मुख्य मार्गावरून मागे हटले.

कारखान्यात या धातूचे रूपांतर रोजच घडते. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. तिच्यातून जे पहिले वाहिले ते पोलाद नव्हते. बीड ज्यापासून ओततात ते कच्चे लोखंडच होते. झोतभट्टीतून दुसरे काही निघतच नाही. त्यातील कार्बन जाळून पोलाद करण्याचे काम त्याच वर्षी सुरू झाले आणि १९६० मध्ये रूळ लाटण्याची गिरणी चालू झाली. भारतीय रेल्वेच्या रुळांचा भिलाई हाच अनेक दशके मुख्य पुरवठादार होता. विशेषणाची भाषा वापरावयाची तर तेथे ‘कास्ट-आयर्न’ हा कच्चा माल आहे, आणि त्याचा ताठा उतरविल्याशिवाय त्याला रुळावर जाण्याची परवानगी नाही.

राज्यकर्त्यांनाही धातूंची विशेषणे फार प्रिय असतात. ब्रिटिश पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांनी २ ऑगस्ट १९२२ रोजी आपल्या संसदेत हिंदुस्थानातील सनदी नोकरशाहीला ‘पोलादी चौकट’ म्हटले, आणि ती काढली तर सारी इमारत कोसळेल असे बजावले. पंचवीस वर्षांनी ज्यांची चौकट ते निघून गेले. इमारत उभी राहिली, आणि चौकटीतले भारतीय भागही नव्या मालकाच्या सेवेत राहिले. त्या भाषणातील धातुशास्त्र कच्चे होते. ज्या रचनेतून एकही तुकडा काढता येत नाही ती पोलादी नव्हे, ओतीव असते. पोलादी रचनेचा गुण असा, की तिचा खिळा काढून नवा ठोकता येतो.

रेल्वे अशा अलंकारांत पडत नाही. तिच्या लेखी टिकाऊपणा हा आकडा आहे. मीटरला ६० किलो वजनाच्या रुळावरून एकंदर ८० कोटी टन भार गेला, की तो बदलावयाचा, असा दंडक भारतीय रेल्वेच्या नियमपुस्तकात अनेक वर्षे होता. मीटरला ५२ किलो वजनाच्या त्याच प्रतीच्या रुळासाठी ही मर्यादा साडेबावन्न कोटी टन होती. अक्षय, अभंग, वज्र असा एकही शब्द त्या पुस्तकात नाही. आणि ही मर्यादा गाठण्यापूर्वीही रुळावर विश्वास टाकावयाचा नसतो. २६ नोव्हेंबर १९९८ च्या पहाटे पंजाबात खन्ना येथे तुटलेल्या रुळामुळे फ्रंटियर मेलचे डबे घसरले, त्यांच्यावर समोरून येणारी सियालदा एक्सप्रेस आदळली, आणि दोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. पोलाद बिडापेक्षा चिवट खरे, पण वारंवार पडणाऱ्या भाराने त्याच्याही पोटात केसाएवढी चीर जन्मते आणि हळूहळू वाढते. म्हणून श्राव्यातीत ध्वनीच्या लहरी सोडून रुळाची अंतर्बाह्य तपासणी करतात. टे पुलाच्या खांबातील मेणाचे भोक डोळ्यांना दिसले नव्हते. या लहरींना असले भोक दिसते.

बिडाची कहाणी येथेच संपली असती तर तो धातू इतिहासात बदनाम होऊन राहिला असता. १९४३ मध्ये अमेरिकेत कीथ मिलिस या संशोधकाला असे आढळले, की वितळलेल्या बिडात थोडे मॅग्नेशियम घातले तर आतला ग्राफाइट पापुद्र्यांऐवजी गोल कणांच्या रूपाने बसतो. गोल कणाला धार नसते, त्यामुळे चीर सुरू होत नाही. हे नवे बीड ताणले असता थोडे लांबते, वाकते आणि मगच तुटते. कोल्हापूरच्या ओतशाळांतूनही आता असे बीड ओतले जाते. ज्या विशेषणाने दीर्घकाळ खोटा भरवसा दिला, त्याला साजेल असा धातू अखेर हाती आला, तो त्याचा ताठरपणा घालविल्यावर. आजही लंडनच्या वर्तमानपत्रांत ‘कास्ट-आयर्न गॅरंटी’ छापली जाते. ती देणाऱ्याला नव्या बिडाची ग्वाही अभिप्रेत आहे की जुन्या, हे विचारण्याची पद्धत नाही.

भिलाईच्या गिरणीत रूळ लालबुंद असतानाच त्याच्या मधल्या पट्टीवर, ज्याला रेल्वेचे कामगार रुळाची कंबर म्हणतात, काही अक्षरे आणि आकडे उठविले जातात : कारखान्याची खूण, रुळाचे वजन, लाटल्याचा महिना आणि वर्ष. चरोद्याच्या यार्डात वाकून पाहणाऱ्याला ते गंजाखालीही वाचता येतात.